आढ्याची शिवण

३ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,

आशीर्वाद. तुझा पत्ता सूनबाईकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. मी फोनवर इतका वेळ गप्प राहिलो की शेवटी कंटाळून तिनेच सांगून टाकला. अकरा वर्षांनी बाप पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी दुखतंय-खुपतंय असं तुला वाटेल. तसं काही नाही. गुडघे होते तसेच आहेत, दात गेले ते गेले. कारण वेगळंच आहे. मी परत कामाला लागलोय, आणि ज्या कामाला लागलोय ते कळेल असं माणूस तुझ्याशिवाय मला दुसरं आठवत नाही.

आपल्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत बर्फाचं गोदाम होतं ना, तिथे एका बाईंनी कार्यशाळा काढलीय. त्या मदतीचे जुने तंबू आणतात. तेच, आपण शिवायचो ते, पुरात आणि भूकंपात घर गेलेल्यांना देतात ते. वापरून झाले की ते कुठल्या कुठल्या गोदामात कुजत पडतात. या बाई ते धुऊन घेतात आणि त्यांच्या खांद्यावरच्या पिशव्या, कमरेचे पट्टे, चष्म्याची घरं करतात. तंबूच्या पितळी कड्यांची कानातली करतात. मी आधी हसलो, मग एक जोड हातात घेऊन पाहिला आणि हसू ओसरलं, सुरेख होता. प्रत्येक वस्तूत एक चिठ्ठी घालतात, हे कापड आधी कुणाचं तरी घर होतं असं सांगणारी. कमाईतला वाटा परत छावण्यांकडे जातो.

माझं काम उसवण्याचं. चौतीस वर्षं शिवणी तपासल्या, आता उसवतोय. तुझी आई असती तर म्हणाली असती, "बरं झालं, आता तरी तुमचं काम डोळ्यांना दिसेल."

पण खरं सांगायचंय ते पुढेच आहे. आपण तंबू पाहिले ते नवे, कोरे, घड्या घातलेले. गाडीत चढले की आपल्यापुरते संपले. त्यांचं पुढे काय होतं याचा मी कधी विचारच केला नव्हता. आता ते परत येतात तेव्हा लिहिलेल्या वहीसारखे येतात. एकाच्या भिंतीवर कोळशाने खिडकी काढलीय. चौकट, झडपा, गजसुद्धा. बाहेर काय दिसतं ते मात्र काढलेलं नाही. का नसेल काढलं? जागा भरपूर होती. मी अर्धा दिवस त्या खिडकीपाशी अडकलो. दुसऱ्याला आतून खिसा शिवलाय, जमिनीपासून जेमतेम दोन वितींवर. इतका खाली खिसा कुणाला लागतो? आत पेरभर पेन्सिल निघाली, दोन्ही टोकांना तासलेली.

सहावीत नदीची एक कविता होती, आठवते? गुरुजी चालीवर म्हणून घ्यायचे. तीच म्हणत मी शिवणी तपासायचो, एका कडव्याला एक बाजू. तू पाठीमागे उभा राहून दुसरी ओळ मुद्दाम चुकवायचास. काल उसवता उसवता ती परत तोंडात आली, आणि दुसऱ्या ओळीला मी आपोआप थांबलो.

तुला विचारायचं असेल तेच तू विचारशील, मला ठाऊक आहे. मॅनेजरच्या खोलीतला तो दिवस. पण खरंच, आता मला त्यातलं नीटसं आठवत नाही.

तुझा
अण्णा


१९ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,

उत्तर आलं नाही, येईल असं धरलंही नव्हतं. तरी लिहितो, कारण त्या खिशाचा उलगडा झाला.

माझ्या शेजारच्या मशीनवर एक बाई बसते. चाळिशीतली असेल. सगळे तिला टाचणी म्हणतात, आणि दोन दिवसांत का म्हणतात ते कळतं. ती स्वतः अडीच वर्षं तंबूत राहिलीय, आई आणि भावाबरोबर. मोठ्या बाई, म्हणजे कार्यशाळा चालवणाऱ्या, पाहुण्यांना तिची ओळख तशी करून देतात, आणि ती दर वेळी म्हणते, "बाई, मी काजही चांगली करते, तेही सांगा."

मी तिला खिसा दाखवला. तिने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, आडवे व्हा."

"कुठे?"

"इथेच, जमिनीवर. कपडे झटकून देईन मी."

झालो आडवा. या वयात, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "आता हात वर करा." केला, तर बोटं बरोबर तिथे पोचली जिथे खिसा असता. झोपल्या जागेवरून हाताला लागावा म्हणून तो खिसा. अंधारात उठलं तर दुसऱ्याच्या अंगावर पाय पडतो, म्हणून ज्याची जी लाडकी चीज ती उशाशी. पाहा, साधी गोष्ट. आडवं झाल्याशिवाय मात्र कळत नाही.

एका दाराच्या पडद्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, मुलांची उंची मोजलेली. दोन मुलं. एकाच्या रेघा वरवर चढत गेलेल्या, दुसऱ्याच्या तीन होऊन थांबलेल्या. माझा चेहरा पडला. टाचणीने तो पाहिला. म्हणाली, "लगेच कविता करू नका. मोठा झाला असेल, उभा राहायला तयार नसेल. माझा भाऊ राहायचा नाही. म्हणायचा, मला काय तंबूची काठी समजलात?"

कवितेवरून आठवलं. मोठ्या बाईंना कळलंय की मी चालीवर म्हणतो. त्यांनी चिठ्ठीवर घालायला दोन ओळी मागितल्या. मी चार दिवस मात्रा मोजत बसलो आणि दिल्या:

कापड होते घर कुणाचे, दोरी होती दार,
आज तुझ्या या खांद्यावरती त्याचा हलका भार.

मोठ्या बाईंना फार आवडल्या. टाचणीने वाचल्या, मशीनचं पायडल सोडलं आणि म्हणाली, "छान आहे. यात पाणी कुठाय?"

"कसलं पाणी?"

"जे आत येतं ते. हे वाचून वाटतं की तंबूत राहणं म्हणजे सहल."

मला राग आला. घरी येईपर्यंत तो टिकला नाही. तू असतास तर तूही हेच विचारलं असतंस, बहुतेक याच शब्दांत.

तू आता बसगाड्यांच्या सीटा शिवतोस असं सूनबाई म्हणाली. तिथे कुठला दोरा वापरतात?

तुझा
अण्णा


६ मार्च

चि. थोरल्यास,

परवा एक विलक्षण तंबू आला. ढिगात सर्वात खाली होता, काळपट, वास मारणारा. टेबलावर पसरला तर त्याची आढ्याची शिवण, म्हणजे मधल्या कण्यावरची, जिथे दोन्ही छपरं जोडतात आणि सगळं पाणी वरून वाहतं ती, टोकापासून टोकापर्यंत हाताने घातलेली. मशीनचा एक टाका शिल्लक नव्हता. जुन्या सुईची भोकं मात्र दिसत होती, रिकामी. दोरा सगळा कुजून गेलेला.

ज्याने कुणी ती परत घातली त्याच्याकडे दोरा नव्हता. धान्याच्या प्लॅस्टिकच्या गोणीचे धागे सोडवून, दोन-दोन पिळून, त्याने ती शिवलीय. सव्वापाच मीटर. टाके सुरुवातीला वेडेवाकडे, बोटभर लांब. मधे कुठेतरी हात बसलाय, आणि शेवटचा मीटर तर असा की आपल्या कारखान्यातही कुणी नाव ठेवलं नसतं. मी बोटाने टाका टाका मोजत गेलो. आठशे बारा. कोण असेल? उभं राहून शिवलं की तंबू खाली उतरवून? उतरवला असेल तर तोवर घरचे कुठे बसले? सुई कुठली? भोकं मोठी आहेत, मला वाटतं तार घासून केली असावी.

टाचणीही आली. तिने शिवणीवरून तळवा फिरवला. मग म्हणाली, "आमचंही असंच सुटलं होतं एकदा. आईने तीन दिवस शिवलं. पाऊस चालूच." थोड्या वेळाने, "ज्याने हे पास केलं ना, तो घरी कोरडा झोपला असणार."

मी म्हटलं, "शिक्का पुसट आहे. कोण तपासनीस होता ते कळत नाही."

हे असं झालं. बाकी क्षेम. इथे ऊन वाढलंय.

तुझा
अण्णा


९ मार्च

चि. थोरल्यास,

शिक्का पुसट नव्हता. निळा होता, स्वच्छ होता, कडेच्या पट्टीखाली दडून राहिल्यामुळे कालच मारल्यासारखा. "तपासले, १७."

सतरा नंबर चौतीस वर्षं माझ्या खिशात होता. तू लहानपणी तो हातावर मारून घ्यायचास आणि आईला दाखवायचास, मी पास झालो म्हणून.

मला सगळं आठवतं. आठवत नाही असं लिहिलं ते खोटं. दोऱ्याचे नवे कोन आले होते, तळाला पिवळा कागद असलेले. दिसायला पॉलिस्टरच्या दोऱ्यासारखेच, वरून तसाच सुती मुलामा. तुला मशीनवर शंका आली. तू टोक तोडून माझ्याकडे आलास आणि काडी ओढलीस. चांगला दोरा वितळून मण्यासारखा गोळा होतो, सुती जळून राख होते, हे मीच तुला शिकवलं होतं. राख झाली. ती तू माझ्या तळहातावर ठेवलीस आणि म्हणालास, "अण्णा, हे एका पावसातही टिकणार नाही."

बाहेर गाडी उभी होती. चारशे तंबू. निवृत्तीला चौदा महिने. मी तळहातावर फुंकर मारली आणि म्हटलं, "वारा सुटलाय, जा, काम कर."

तुझा राग तिथून सुरू झाला असेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो, कारण ते धरायला सोपं होतं. पण तेव्हा तू नुसता मशीनवर जाऊन बसलास, राग आला तो नंतर. तू मदतवाल्या संस्थेला पत्र लिहिलंस, मॅनेजरने आपल्या दोघांना बोलावलं, आणि मला विचारलं की मुलाने तुम्हाला हे दाखवलं होतं का. मी म्हटलं, "नाही. त्याला लहानपणापासून सवय आहे." कसली सवय ते मी सांगितलं नाही. मॅनेजरने जी हवी ती धरली. तुला काढलं, दुसऱ्या कुठल्या तंबूवाल्याने तुला दारात उभं केलं नाही, आणि जाता-येता लोक तुला राखवाला म्हणायला लागले. मी ऐकायचो. मान खाली घालून चपला घालायचो.

ते चारशे तंबू मी एका दुपारी तपासले. एका कडव्यात चार-चार बाजू उरकल्या. दुसऱ्या ओळीला थांबलो नाही, कारण चुकवायला मागे कुणी नव्हतं.

आज टाचणीला सांगितलं की सतरा म्हणजे मी. तिने मशीन थांबवलं नाही. कड पूर्ण शिवली, दोरा तोडला, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती काहीतरी टोचून बोलेल. ती म्हणाली, "मुलाने दाखवलं होतं म्हणता?"

"हो."

"मग मला काय सांगता? त्याला सांगा."

सांगतोय.

अण्णा


२८ मार्च

चि. थोरल्यास,

सोबत तीन गोष्टी पाठवतोय. घाबरू नकोस, मिठाई नाही.

पहिली, त्या मदतवाल्या संस्थेला आणि कारखान्याला पाठवलेल्या पत्राची प्रत. नवा मॅनेजर तुझ्याहून लहान आहे. मी स्वतः नेऊन दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, "काका, आता याचा काय उपयोग?" मी म्हटलं, फायलीत एका जागी लिहिलंय की माझा मुलगा खोटारडा आहे, त्याच्यापुढे हे लावा. तो चांगला आहे, माझ्यासमोर पंच करून लावलं. संस्थेकडून पोच आलीय, पुढचं माहीत नाही.

दुसरी, चिठ्ठी. ही कशी झाली ते ऐक. त्या तंबूचं आढं उसवायचं नाही असं टाचणीने ठरवून टाकलं. ती शिवण पिशवीच्या मधोमध यावी असं कापायचं, म्हणजे सात पिशव्या निघतात. मोठ्या बाईंना कल्पना आवडली. मग मी चिठ्ठीचा मजकूर दिला आणि त्या खुर्चीत टेकल्या.

"आजोबा, मला पिशवी विकायचीय. साक्ष नाही नोंदवायची."

टाचणी म्हणाली, "बाई, लोकांना सांगता ना की हे कापड खरं आहे? मग खरं आहे ते सगळंच खरं."

"पण 'शिवण सुटली' असं वाचून पिशवी कोण घेईल?"

"दुसऱ्यांदा घातली ती सुटलेली नाही. ओढून पाहा."

मोठ्या बाईंनी खरोखर ओढून पाहिलं, दोन्ही हातांनी, पाय टेबलाला लावून. मी आणि टाचणी बघत उभे. शिवण हलली नाही. बाईंच्या बांगड्या तेवढ्या कोपरापर्यंत गेल्या. धापा टाकत त्या म्हणाल्या, "तुमची ती 'हलका भार'वाली ओळ खाली घालू का?" मी नको म्हटलं. तरी नको म्हणताना मला जरा जड गेलं. मात्रा बरोबर होत्या रे.

चिठ्ठी अशी आहे:

"हे कापड एका तंबूचं छप्पर होतं. पहिली शिवण चुकीच्या दोऱ्याने घातली होती आणि ती पावसात सुटली. दोरा चुकीचा आहे हे कारखान्यातल्या एका तरुण कारागिराने आधीच जाळून दाखवलं होतं. तपासनिसाने ते दडवलं. तुमच्या हाताला लागते ती शिवण तंबूत राहणाऱ्या कुणीतरी गोणीच्या धाग्याने परत घातली. तिचं नाव आम्हाला माहीत नाही. ती अजून धरून आहे. – तपासनीस १७."

'तिचं' असं मी लिहिलं. ती बाईच होती हे मला कुठून कळलं, कळलं नाही. टाचणी म्हणाली राहू दे.

तिसरी वस्तू म्हणजे सातातली पहिली पिशवी. वापर किंवा खुंटीला लाव, किंवा दाराबाहेर ठेव. आत कोपऱ्यात त्या धाग्याचं एक टोक मोकळं सोडलंय. हवं तर काडी लावून पाहा. मी लावली होती. मोहरीएवढा मणी झाला, गोल, काळा, चकचकीत. शिवणारीला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिच्यावर तपासनीसही नव्हता.

मी माफी हा शब्द लिहिलेला नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. तीनदा लिहून पाहिला. प्रत्येक वेळी तो कवितेत जाऊन बसायला लागला. म्हणून पिशवी.

अण्णा


१७ एप्रिल

चि. थोरल्यास,

तुझं पुडकं काल कार्यशाळेच्या पत्त्यावर आलं. टाचणीने सही करून घेतलं आणि माझ्यासमोर ठेवून तिथेच उभी राहिली. चौकशी करायची तिला माझ्याहून जास्त हौस आहे.

मी आधी बाहेरूनच वाचलं. प्रेषकाच्या जागी तुझं अक्षर. पूर्ण पत्ता, गल्लीसकट, दाराच्या नंबरासकट, आणि खाली वेगळ्या शाईत, बहुधा नंतर आठवून, 'तिसरा मजला'. सूनबाईने मला फक्त इमारतीपर्यंतचं सांगितलं होतं. टाचणीला दाखवलं. ती म्हणाली, "येऊ नका म्हणणारा माणूस मजला लिहीत नाही." मला ते पटलं. न पटतं तरी मी पटवून घेतलं असतं.

आत पत्र नव्हतं. मी उलटंसुलटं केलं, कागद उलगडून पाहिला, दोन्हीकडून कोरा. फक्त लिंबाएवढा दोऱ्याचा गुंडा, आणि त्याला चिकटलेला पिवळ्या कागदाचा तुकडा.

तू तो ठेवला होतास. अकरा वर्षं, किती घरं बदललीस, आणि तो ठेवला होतास. कुणीतरी कधीतरी विचारेल म्हणून ठेवला असशील. कुणी विचारलं नाही ना?

मोठ्या बाईंकडे काडेपेटी होती. टाचणीला म्हटलं, पंखा बंद कर. तिने केला, आणि कुणी न सांगता शेजारची खिडकीही ओढून घेतली. मी टोक तोडलं, वीतभर. काडी ओढली. पहिली विझली, दुसरी ओढावी लागली. दोरा सरसर जळत गेला, कागदाचा येतो तसा वास आला, आणि शेवटी वळलेली, करडी, बोटाच्या नखाएवढी राख उरली. मणी झाला नाही. होणार नव्हताच, मला ठाऊक होतं. तरी मी वाट पाहिली.

ती मी उजव्या तळहातावर घेतली. किती हलकी असते रे ती. अंगावर आहे हे डोळ्यांनीच कळतं.

पुढच्या रविवारी निघतो. तीन मजले मला होतील, प्रत्येक वळणावर थांबीन. वर आलो की कडी वाजवणार नाही, बाहेर पायरीवर बसेन. तू कामावरून येशील तेव्हा दिसेनच. आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालास तरी जिना उतरायला सोपा असतो.

टाचणी विचारत होती, राख आता कशात ठेवायची? तिने चष्म्याचं एक घर पुढे केलं. मी म्हटलं थांब जरा. पंखा बंदच होता, सगळ्यांना उकडत होतं, पण लाव असं कुणी म्हणालं नाही. मी तळहात उघडा ठेवून बसून राहिलो. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडत होतो.

चहा आला तेव्हा तो डाव्या हाताने घेतला.

अण्णा